मॉरिशसची जनगणना: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसमधल्या मराठी माणसांबद्दल मी लिहायला लागलो तेव्हापासून जनगणनेचे प्रश्न थांबलेलेच नाहीत. कोकणातून कोणी विचारतं की आमची एक पाती तिकडे गेली, तिचा पत्ता लागेल का, कोणी तिथे नोकरीला असतं आणि दारावर आलेल्या माणसाला काय सांगायचं ते विचारतं, आणि स्पर्धा परीक्षावाली मुलं तर आकडेच मागतात. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. आधी सोपे घेतलेत, मग अडचणीचे.

१. तिथे जनगणना किती वर्षांनी होते? शेवटची कधी झाली?

साधारण दहा वर्षांनी, पण दहा म्हणजे दहाच असं नाही. १८४६ पासूनची यादी बघितली तर १८५१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी अगदी नियमित आहे, मग महायुद्धामुळे १९४१ ची हुकली आणि १९४४ ला झाली, त्यानंतर १९५२, १९६२, १९७२, १९८३, १९९०, २००० आणि २०११. पुढची २०२१ ला व्हायची होती ती कोविडमुळे २०२२ वर गेली. ती एकोणिसावी. काम स्टॅटिस्टिक्स मॉरिशस नावाचं सरकारी खातं करतं, पूर्वी त्याला सेंट्रल स्टॅटिस्टिक्स ऑफिस म्हणायचे.

२. घरांची वेगळी आणि माणसांची वेगळी, असं दोनदा का मोजतात?

आपल्या भाषेत याचं उत्तर आधीच आहे. जनगणनेला आपल्याकडे दोन जुने शब्द होते, खानेसुमारी आणि शिरगणती. खाना म्हणजे घर, म्हणजे खानेसुमारी ही घरांची मोजणी, आणि शिरगणती ही डोक्यांची. मॉरिशस आधी खानेसुमारी करतं आणि मग शिरगणती, त्याच वर्षात, काही महिन्यांच्या अंतराने.

कारण सरळ आहे. माणूस हलतो, घर हलत नाही. आधी गल्लीबोळातून फिरून प्रत्येक इमारत, प्रत्येक बिऱ्हाड, हॉटेल, लॉज, दुकान, कारखाना यांची यादी करायची, प्रत्येक बिऱ्हाडाच्या कुटुंबप्रमुखाचं नाव आणि घरात किती बाया किती बाप्ये ते लिहून घ्यायचं. २०११ ला हे काम जानेवारीच्या शेवटाला सुरू झालं ते जूनपर्यंत चाललं. या यादीच्या जोरावर मग ठरतं की कुठल्या भागात किती फॉर्म लागणार आणि किती माणसं लावायची. यादी नसेल तर एखादी अख्खी वाडी सुटली तरी कळणार नाही. आणि ही यादी नंतर वाया जात नाही, पुढची कितीतरी वर्षं घरखर्चाचे, नोकरी-बेकारीचे जे सर्व्हे होतात त्यांच्यासाठी घरं यातूनच निवडतात.

३. घरांच्या मोजणीत विचारतात तरी काय?

छत कशाचं, भिंती कशाच्या, इमारत कधीची, मजले किती, घर मालकीचं की भाड्याचं, पाणी घरात येतं की अंगणात, टाकी आहे का, वीज, संडास, मोरी, स्वयंपाकघर, इंधन कुठलं, कचरा कुठे जातो. ऐकायला रुक्ष वाटतं पण मॉरिशसमध्ये छत आणि भिंतींच्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. १९६० च्या जानेवारीत ॲलिक्स आणि फेब्रुवारीत कॅरोल अशी दोन चक्रीवादळं लागोपाठ आली आणि लाकूड, पत्रा, गवत यांची घरं हजारोंनी भुईसपाट झाली. त्यानंतर सरकारने वसाहती बांधल्या, लोकांनीही पै-पै जमवून सिमेंट-काँक्रीटची घरं बांधली, आज तिथे सपाट स्लॅबची घरं दिसतात ती त्यामुळे. तेव्हा अजून किती घरांवर पत्रा आहे आणि कुठल्या भागात आहे हे माहीत असणं म्हणजे पुढच्या वादळात कोणाला आधी हलवायचं ते माहीत असणं.

मला सगळ्यात आवडलेला प्रश्न म्हणजे आवारातली फळझाडं. आंबा, लिची, नारळ वगैरे, फळ धरण्याच्या वयाची झाडं किती ते विचारत आलेत. परसातलं फळ बाजारात येत नाही त्यामुळे शेतीच्या आकड्यात दिसत नाही, पण घरात खाल्लं तर जातंच ना. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

४. जनगणनेची रात्र म्हणजे काय भानगड आहे?

माणसं मोजायला एक क्षण ठरवावा लागतो, नाहीतर फॉर्म वाटायला दोन आठवडे आणि गोळा करायला तीन-चार आठवडे लागले तर त्या काळात लोक जन्मतात, मरतात, घर बदलतात, मग मोजायचं कोणाला. म्हणून एक रात्र ठरवतात. २०११ ला ३ आणि ४ जुलैच्या मधली रात्र होती, २०२२ लाही ३ जुलैच. फॉर्म आधी वाटतात, नंतर गोळा करतात, पण सगळी माहिती त्या एका मध्यरात्रीची.

नियम असा की रात्री बाराच्या ठोक्याला जिवंत असलेला माणूस मोजायचा. बारानंतर जन्मलेलं बाळ नाही. बाराच्या आधी गेलेला माणूस नाही, पण बारानंतर गेला असेल तर तो मोजला जातो, घरच्यांना ते लिहिताना कितीही जड गेलं तरी. रात्रपाळीला गेलेला आणि सकाळी घरी आलेला माणूस घरच्याच फॉर्मवर येतो, दुसरीकडे कुठे मोजला गेला नसेल तर.

जुलैच का, तर माझ्या मते हवामान. जुलै म्हणजे तिथला हिवाळा, वादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल-मे, तेव्हा घरोघर फिरायचं काम कोणी वादळात काढणार नाही.

५. फॉर्म कोण भरतं, घरातले की सरकारी माणूस?

२०११ पर्यंतची पद्धत अशी की फॉर्म आधी घरी देऊन जायचे, कुटुंबप्रमुखाने तो त्या रात्रीच्या हिशोबाने भरायचा, आणि मग प्रगणक, म्हणजे मोजणीला नेमलेला माणूस, परत येऊन फॉर्म तपासून, राहिलेलं विचारून घेऊन जायचा. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला प्रगणक भरून देतो. इथे आपल्या सवयीपेक्षा फरक आहे, भारतात २०११ च्या जनगणनेपर्यंत दारात येणारा माणूसच विचारायचा आणि लिहायचा. घरच्याने स्वतः भरायचं म्हटलं की एक गोष्ट बदलते, घरात चर्चा होते. आजीला विचारलं जातं की तुझं गाव कुठलं, आपली भाषा कुठली लिहायची. (भाषेचं पुढे प्रश्न ११ मध्ये येतंय.)

येणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र असतं, ते दाखवायला सांगा, त्यात त्याचा अपमान नाही.

६. मी भारतीय पासपोर्टवर तिथे कामाला आहे. माझी मोजणी होणार का? आणि टुरिस्टची?

दोघांचीही होते, पण वेगवेगळी. त्या रात्री बेटावर जो जो आहे तो मोजला जातो, मग पासपोर्ट कुठलाही असो. पण शेवटी दोन आकडे निघतात. एक म्हणजे त्या रात्री प्रत्यक्ष हजर असलेले सगळे, आणि दुसरा म्हणजे नेहमी तिथे राहणारे. हॉटेलातलं हनिमूनचं जोडपं पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. तुम्ही वर्क परमिटवर तिथे राहत असाल तर दोन्हीत आहात. याउलट मॉरिशसचाच माणूस त्या आठवड्यात मुंबईला उपचाराला आला असेल तर तो पहिल्यात नाही पण दुसऱ्यात आहे, घरच्यांनी त्याचं नाव गैरहजर म्हणून लिहायचं.

कापड गिरण्या आणि बांधकामावरचे परदेशी कामगार डॉर्मिटरीत राहतात, त्यांची बिऱ्हाडं धरत नाहीत, हॉस्टेल, वृद्धाश्रम, तुरुंग यांच्यासारखी सामूहिक राहण्याची जागा म्हणून वेगळी मोजणी होते. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांना मी एकच सांगीन, व्हिसाची भीती मनात धरून लपू नका, कारण प्रश्न १३ मध्ये लिहिलंय.

७. एक घर क्युरपीपला आणि एक समुद्रावर. दोन्हीकडे नाव लिहायचं का?

नाही. माणूस एकदाच. घरं मात्र दोन्ही मोजली जातात, समुद्रावरचं दुय्यम घर म्हणून. किनाऱ्यावर, फ्लिक आं फ्लॅकसारख्या ठिकाणी अशी सुट्टीची घरं पुष्कळ आहेत आणि ती वेगळी काढली नाहीत तर घरं भरपूर आहेत असा खोटा दिलासा मिळतो आणि इकडे गरजू माणूस भाड्याच्या खोलीत. कुलूप लावलेलं रिकामं घर पण मोजतात, रिकामं म्हणून.

८. छोट्या बेटांवर कोण जाऊन मोजतं? रॉड्रिग्ज, अगालेगा, चागोस?

रॉड्रिग्ज मुख्य बेटापासून पूर्वेला साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर, क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, २००२ पासून तिथे स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे. जनगणना मात्र तीच, रात्र पण तीच. तक्ते नेहमी वेगळे छापतात आणि ते बरोबरच आहे, कारण तिथली पाण्याची टंचाई, शेती, मासेमारी, सगळंच वेगळं, मुख्य बेटात मिसळलं तर रॉड्रिग्ज दिसणारच नाही. २०११ ला मुख्य बेटावर ११ लाख ९६ हजार ३८३ आणि रॉड्रिग्जवर ४० हजार ४३४ माणसं राहत होती, बेरीज १२ लाख ३६ हजार ८१७.

बेरीज करून बघितलीत तर लक्षात येईल की यात अगालेगा आणि सेंट ब्रँडन नाहीत. अगालेगा हजारेक किलोमीटर उत्तरेला, सेंट ब्रँडनवर तर मासेमारीला गेलेली थोडी माणसं. या दोघांचा मिळून २७४ असा अंदाजी आकडा वेगळा दाखवत आलेत. मुलांनो, परीक्षेत दोन आकडे जुळले नाहीत तर आधी तळटीप बघा.

चागोसची गोष्ट दुःखाची आहे. स्वातंत्र्य मिळायच्या आधी, १९६५ ला, ब्रिटनने हा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या सगळ्या लोकांना हलवलं, त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ झाला. तिथल्या तळाची मोजणी मॉरिशसच्या जनगणनेत नसते. जे चागोसवासी मॉरिशसला येऊन पडले त्यांची आणि त्यांच्या मुलांची मोजणी ते आज जिथे राहतात तिथेच, बरेचसे राजधानी पोर्ट लुईच्या आसपास. २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हे तोडणं कायदेशीर नव्हतं आणि मे २०२५ मध्ये ब्रिटन-मॉरिशस करारावर सह्या झाल्या.

९. जात किंवा वंश विचारतात का?

आता नाही. शेवटचं १९७२ ला विचारलं. संविधानात चार समुदाय लिहिलेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेले सगळे जनरल पॉप्युलेशन. जो माणूस राहणीवरून पहिल्या तिघांत बसत नाही तो चौथ्यात, अशीच व्याख्या आहे. १९८२ ला सरकार बदललं आणि समुदायाचा प्रश्न काढून टाकला, १९८३ च्या फॉर्मवर तो नव्हता. लोकांना खान्यात बसवायचं नाही, सगळे मॉरिशियन, असा त्यामागचा विचार होता.

मराठी, तमिळ, तेलुगू हे सगळे संविधानाच्या हिशोबात हिंदू या एकाच समुदायात येतात. धर्म आणि भाषेच्या रकान्यात मात्र चित्र वेगळं आहे.

१०. प्रश्न काढला तर निवडणुकीत १९७२ चे आकडे अजून कसे वापरतात?

ही सगळ्यात गुंतागुंतीची गोष्ट, नीट वाचा. संसदेत ६२ खासदार निवडून येतात, मुख्य बेटाच्या २० मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्जचे दोन. त्यानंतर ज्या समुदायाला लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या त्यांच्यातल्या पडलेल्या पण सगळ्यात चांगली मतं घेतलेल्या उमेदवारांना जास्तीत जास्त आठ जागा देतात, याला बेस्ट लूझर पद्धत म्हणतात. लोकसंख्येचं मान काढायला आकडा पाहिजे, आणि समुदायाचा शेवटचा आकडा १९७२ चा, म्हणून तोच.

म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची माणसं मोजून आजच्या जागा वाटल्या जातात. उमेदवाराला अर्जावर समुदाय लिहायची सक्ती होती. काही जणांनी लिहायला नकार दिला, अर्ज बाद झाले, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये समितीने म्हटलं की ताजे आकडे नसताना अशी सक्ती करणं हक्काचा भंग आहे. मग २०१४ च्या निवडणुकीपुरती घटनेत दुरुस्ती करून न लिहिण्याची मुभा दिली.

यावर मला दोन्ही बाजूंचे मेसेज येतात. प्रश्न परत विचारा म्हणणाऱ्यांचं म्हणणं की जुन्या आकड्यावर न्याय होत नाही, आणि नको म्हणणाऱ्यांचं की एकदा विचारलं की मतांचं राजकारण त्यावरच चालेल. मला स्वतःला वाटतं की आकडा वापरायचा असेल तर ताजा घ्या, नाहीतर वापरूच नका, मधलं काही टिकत नाही.

११. घरात क्रिओल बोलतो, आरती मराठीत म्हणतो. भाषेच्या रकान्यात काय लिहायचं?

हा प्रश्न तिथल्या मराठी घरांतून येतो आणि मला सगळ्यात जवळचा आहे. (क्रिओल म्हणजे फ्रेंचमधून घडलेली, तिथे सगळीकडे चालणारी बोली.)

मॉरिशसच्या जनगणनांत भाषेचा प्रश्न एक नसतो. घरात नेहमी कुठली भाषा बोलता हा एक, आणि पूर्वजांची भाषा कुठली हा दुसरा, अनेक जनगणनांत दोन्ही विचारलेत, शिवाय कुठल्या भाषा वाचता-लिहिता येतात ते वेगळं. लोक हे दोन्ही एक समजतात आणि तिथेच गडबड होते. घरात क्रिओल बोलत असाल तर तिथे क्रिओलच लिहा, खोटं लिहून मराठी वाढत नाही. घरात दोन भाषा चालत असतील तर दोन्ही लिहिता येतात, तक्त्यांमध्ये क्रिओल आणि भोजपुरी अशी जोडी वेगळी दिसते. पण पूर्वजांच्या रकान्यात मराठी लिहायला विसरू नका, तुम्हाला एक वाक्य धड बोलता येत नसलं तरी. तो प्रश्न तुमच्या जिभेचा नाही, तुमच्या पणजीच्या जिभेचा आहे.

आकडे बघा. घरात क्रिओल बोलणारे २००० मध्ये ८०.५ टक्के होते, २०११ मध्ये ८६.५. भोजपुरी त्याच काळात १२.१ वरून ५.३ वर आली, म्हणजे अकरा वर्षांत निम्म्याहून खाली. मराठी घरात बोलणारे एक टक्क्याहून खूपच कमी, आणि पूर्वजांची भाषा मराठी सांगणारे त्याच्या कितीतरी पट. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे गेल्या तीन-चार पिढ्यांत घरातून काय निसटलं त्याचं माप. शाळेत मराठी शिकवली जाते, कायद्याने स्थापन झालेली मराठी भाषकांची संस्था आहे, तिथला गणेशोत्सव १८९६ पासूनचा सांगतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, हे सगळं असून पोरगं आईशी क्रिओलमध्ये बोलतं. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, क्रिओल ही त्यांची स्वतःची भाषा आहे. नोंद मात्र दोन्हीची व्हावी.

१२. धर्माच्या तक्त्यात 'मराठी' असा धर्म दिसला. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. धर्माच्या प्रश्नाला लोक जे उत्तर देतात ते घेतात, त्यामुळे हिंदू, सनातनी, आर्य समाजी, वैदिक, कबीरपंथी यांच्याबरोबर तमिळ, तेलुगू आणि मराठी अशीही उत्तरं तक्त्यात येतात. तिथे देवळं, सण, पूजेची पद्धत भाषेप्रमाणे वेगळी राहिली, म्हणून माणसाला धर्म विचारला की तो सहज मराठी म्हणतो. एकूण हिंदूंचा आकडा काढताना ही सगळी उत्तरं एकत्र करतात, २०११ ला तो ४८.५ टक्के होता, रोमन कॅथलिक २६.३ आणि मुस्लिम १७.३. तेव्हा मराठी किती हे शोधताना धर्माच्या तक्त्यातला आकडा उचलू नका, बरेच मराठी लोक तिथे नुसतं हिंदू लिहितात. प्रश्न ११ मधला पूर्वजांच्या भाषेचा आकडा त्यातल्या त्यात जवळचा.

१३. माहिती द्यायची नसेल तर? आणि दिली तर पोलीस, टॅक्सवाले यांच्याकडे जाते का?

सांख्यिकी कायद्याखाली माहिती देणं बंधनकारक आहे, मुद्दाम नकार देणं किंवा खोटं सांगणं गुन्हा आहे. पण तोच कायदा दुसऱ्या बाजूनेही बांधतो, नाव-पत्त्यासकट तुमची माहिती बाहेर देता येत नाही, आणि प्रगणकाने कोणाला सांगितलं तर त्यालाही शिक्षा आहे. छापले जातात ते फक्त एकत्र केलेले आकडे.

१४. बेटच आहे, विमानतळावर सगळ्यांची नोंद होते. मग मोजायची गरजच काय?

चांगला प्रश्न आहे. जमिनीची सीमा नाही, जन्ममृत्यूची नोंद जवळपास पूर्ण, येणारा-जाणारा प्रत्येक जण पासपोर्ट दाखवतो, त्यामुळे मागच्या जनगणनेत जन्म मिळवून, मृत्यू वजा करून, आलेगेले जमा-खर्च करून दरवर्षी लोकसंख्येचा अंदाज काढता येतो आणि काढतातही. पण त्यातून हे कळत नाही की माणूस पोर्ट लुईतून निघून ब्लॅक रिव्हरला राहायला गेला, म्हातारी एकटी राहते की मुलाकडे, रॉड्रिग्जचा तरुण मुख्य बेटावर कायमचा आला का.

आणि अंदाज आणि मोजणी जुळतही नाहीत. कुठल्याही जनगणनेत थोडी माणसं सुटतात, तान्ही आणि लहान मुलं तर हमखास, लोक लिहायलाच विसरतात. म्हणून वार्षिक अंदाज काढताना ही सुटलेली माणसं धरतात आणि तो आकडा मोजलेल्या आकड्यापेक्षा मोठा दिसतो. २०२२ ला मोजलेली लोकसंख्या २०११ पेक्षा किंचित कमी भरली, ही त्या देशासाठी मोठी बातमी होती. ज्या बेटाची १९५० च्या दशकात मलेरिया हटल्यावर वाढती तोंडं कशी भरायची ही चिंता होती, तिथे आता मुलं कमी आणि म्हातारे जास्त ही चिंता आहे.

१५. माझे खापरपणजोबा रत्नागिरीहून मॉरिशसला गेले. जुन्या जनगणनेत नाव सापडेल का?

जनगणनेत नको शोधू, तिथे आकडे मिळतील, माणूस नाही. आकडे पण बोलतात म्हणा: १८४६ ला बेटावर साधारण १ लाख ५८ हजार माणसं होती, १८६१ ला ३ लाख १० हजार, पंधरा वर्षांत जवळजवळ दुप्पट, आणि त्यातले जवळपास दोन तृतीयांश भारतीय. ही वाढ घरात पोरं झाल्यामुळे नव्हती, जहाजांमुळे होती. ऊसमळ्यांवर करारावर आणलेले मजूर, २ नोव्हेंबर १८३४ पासून यायला लागले, एकूण साडेचार लाखांच्या आसपास. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रासहून आले, मुंबई बंदरातून आलेले कमी, आपले बरेचसे त्यांतले.

नाव शोधायचं तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये स्थलांतरितांची दप्तरं ठेवलीत. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर दिला जायचा, त्यापुढे नाव, वय, जात, गाव, जिल्हा, जहाज, आणि नंतरच्या काळातल्यांचे फोटो पण आहेत. शोधायला जाताना एक लक्षात ठेवा, नावं लिहिणारा कारकून मराठी नव्हता. कानाला आलं तसं इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाने लिहिलंय, गावाचं नाव तर ओळखूच येत नाही, आणि आडनाव बहुतेकदा नसतंच, बापाचं नाव पुढे आडनाव होऊन बसतं. म्हणून आडनावावर अडून बसू नका. तिकडच्या नातेवाइकांच्या घरी जुना कागद असेल तर त्यावरचा नंबर आधी मिळवा, नंबर असला की काम सोपं होतं. नसेल तर जायचं साल, बंदर आणि बापाचं नाव, एवढं तरी घेऊन जा.